घमेलं आणि तीन मिनिटं

पाट बंद झाला की पाटकऱ्याचं डोकं चालू होतं, असं त्याची बायको म्हणायची. वर्षाचे दहा महिने हा माणूस फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या कडेनं फिरायचा. कुणाच्या शेताचं दारं उघडायचं, कुणाचं चिखलानं बुजवायचं, कुणाची पाण्याची पाळी संपली, कुणाची लागली, हे सगळं तो मनगटावरच्या घड्याळात बघून ठरवायचा. उन्हाळ्याचे दोन महिने मात्र वरून पाणीच सुटत नसे. मग तो घरी बसायचा आणि घरातल्या कामांना पाळ्या लावायचा. आधी चूल, मग गोठा, मग अंघोळी. बायको मान डोलवायची आणि तिला हवं तेच करायची.

त्या उन्हाळ्यात त्याला घरबसल्या एक दुखणं लागलं. ते दुखणं गोठ्याच्या माळ्यावर, वैरणीच्या पेंढ्यांवर, छत्री उघडून बसलेलं असायचं.

ती त्याची सून. दूरच्या दवाखान्यातले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलायचे ते ही कानाला बोंडं लावून ऐकायची आणि यंत्रावर लिहून काढायची. काम नवं होतं, बोलीवर लागलेलं. त्याला नेट लागायचं, आणि गावात नेटची तार आली होती ती एकट्या गिरणीवर. गिरणीवाल्यानं धुराड्याशेजारी एक पांढरी काठी उभी केली होती. ती काठी गावभर बिनतारी नेट वाटायची. पाटकऱ्याचं घर गावाच्या शेपटाला, खोलगटात. तिथवर येता येता नेटला धाप लागायची. ते फक्त माळ्याच्या खिडकीत लंगडत पोचायचं. म्हणून सून माळ्यावर, आणि वरच्या पत्र्याला भोकं होती म्हणून छत्री.

गिरणीतच जाऊन बसायचं तिनं एकदा करून पाहिलं होतं. रोग्याच्या पोटात काय आहे ते ऐकायला गेली आणि गिरणीच्या पोटात काय आहे तेच ऐकून आली. वर अंगभर पीठ.

"मागं कोण रडतंय?" असं ती माळ्यावर असताना शहरातून एकदा विचारलं होतं.

"गाय आहे, साहेब," सून म्हणाली होती.

गायीचं त्यांनी चालवून घेतलं, पण काम मधेच तुटतं हे चालवून घेतलं नाही. दोनदा तंबी आली. तिसऱ्यांदा पत्रच आलं. शनिवारी अकरा ते बारा साहेबीणबाई स्वतः समोर बसून काम बघणार. त्या तासात एकदा जरी तुटलं, तर पुढच्या महिन्यापासून शहरातल्या कचेरीत येऊन बसायचं. पाटकऱ्याचा मुलगा ट्रकवर. तो फोनवर म्हणाला, "मग तिथंच खोली घेऊ. मला तरी काय, शहर वाटेवरच पडतं."

"जाऊ दे, बरंच आहे," पाटकरी म्हणाला. त्या दिवशी त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

खरं सांगायचं तर त्याला ती जायला नको होती. चार वर्षांत त्या घरात त्याला तोंडावर 'मामंजी, हे चुकलं तुमचं' म्हणणारं तेवढं एकच माणूस आलं होतं, आणि त्याला त्याची सवय लागली होती. ती गेली तर दिवसभर तो आणि बायको, आणि बायको तर भांडायची सुद्धा नाही.

सोमवारी सकाळी त्यानं दळणाचा डबा उचलला. बायको बघतच राहिली. सहा वर्षं दळण तीच नेत होती, कारण पाटकरी आणि गिरणीवाला एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

भांडण तीन मिनिटांचं होतं. सहा वर्षांपूर्वी पाटकऱ्यानं गिरणीवाल्याच्या शेताचं दारं तीन मिनिटं आधी बुजवलं, असं गिरणीवाल्याचं म्हणणं. शेवटचा वाफा कोरडा राहिला आणि त्यातली वांगी वाळली. पाटकऱ्याचं म्हणणं असं की घड्याळ बघून बुजवलं, आणि माझं घड्याळ चुकत नाही. तेव्हापासून दोघं बोलायचे ते तिसऱ्याच्या मार्फत.

गिरणीत तिसरा हजर होता. गावातला म्हातारा रेडिओवाला पोत्यावर बसून आपलं पीठ निवायची वाट बघत होता. जग बदललं, रेडिओ गेले, पण तो अजून काहीबाही दुरुस्त करायचा.

"त्याला सांग," पाटकरी रेडिओवाल्याला म्हणाला, "माझ्या घरी नेट पोचत नाही."

गिरणीवाला दोन हातांच्या अंतरावर उभा होता. भुवयांत पीठ, मिशीत पीठ, फक्त डोळे तेवढे काळे. "त्याला सांग, माझी काठी सगळ्यांना सारखं देते. चारी दिशांना. एकाचं काढून दुसऱ्याला द्यायची सवय नाही मला."

"चारी दिशांना?" पाटकरी दारात जाऊन वर बघू लागला. "मागं डोंगर आहे. डोंगराला कशाला? तळ्यातल्या म्हशींना कशाला? वर कावळ्यांना! अरे, हे तर मोकाट पाणी सोडलंय यानं. पाणी न्यायला दंड नाही, अडवायला दारं नाही. शेपटाला कसं पोचणार?"

"त्याला सांग," गिरणीवाला म्हणाला, "दळण पाळीनं मिळेल. त्याच्या पुढं सात डबे आहेत."

एकच डबा होता पुढं, रेडिओवाल्याचा, तोही दळून झालेला. पाटकऱ्यानं डबा खाली ठेवला. वाळल्या वांग्यांची शिक्षा म्हणून दीड तास तो पोत्याला टेकून उभा राहिला. घरी जाताना त्याचेही केस पिठानं पांढरे झाले होते. अर्थात ते आधीही पांढरेच होते.

वाटेत रेडिओवाल्यानं त्याचा दंड धरला. "तू मघाशी बोललास ते बरोबर बोललास. काठी चारी बाजूंना बोलते. पण तुझी सूनही चारी बाजूंनी ऐकते, म्हणून तिला पलीकडच्या वस्तीतला गोंगाटही ऐकू येतो. कानामागं हात धरतोस ना तू, लांबचं ऐकायला? तसा तिच्या नेटला हात धर."

"कशाचा?"

"घमेलं आहे?"

घमेलं विचारावं कुणाला, पाटकऱ्याला? चिखल वाहून वाहून गुळगुळीत झालेली तीन घमेली होती. त्यातलं खोल होतं ते निवडलं. मंगळवारी दिवसभर दोघं म्हातारे अंगणात. राखेनं घासलं, आतून चकचकीत कागद डकवला. रेडिओवाल्यानं बोटाएवढी एक नेटची काडी आणि लांब वायर आणली होती. ती काडी घमेल्यासमोर नेमकी कुठं धरायची हा प्रश्न.

"सूर्याकडे तोंड कर," रेडिओवाला म्हणाला. "ऊन जिथं गोळा होईल तिथंच नेटही गोळा होईल. हात घालून बघ, कुठं चटका बसतो ते."

पाटकऱ्याचे हात चाळीस वर्षं फावड्यावर झिजलेले. त्यांना चटका कळेना. म्हणून त्यानं तोंड पुढं केलं. मिशीचा डावा कोपरा चर्र झाला.

"इथं!" तो ओरडला, आणि मिशीवर पाणी मारायच्या आधी त्यानं बोटानं जागा धरून ठेवली. कामाला चोख माणूस.

सून माळ्यावरून बघत होती. "मामंजी, जळका वास येतोय."

"काम चाललंय," पाटकरी म्हणाला.

बुधवारी घमेलं फावड्याच्या दांड्याला बांधून माळ्याच्या खिडकीबाहेर बसवलं. वायर सुनेच्या यंत्राला. पाटकरी शिडीवर, दांडा हातात. सून यंत्रावरच्या रेघा मोजायची आणि त्याची बायको खाली उभी राहून, सुनेचं बोलणं नवऱ्याला नीट ऐकू जावं म्हणून, तेच मोठ्यानं म्हणायची.

"एक!"

त्यानं दांडा चिंचोळ्या दंडात पाणी वळवावं तसा हळूच वळवला.

"दोन! ... दोनच. ... तीन! अहो, तीन! ... गेलं. खोकलात तुम्ही."

"खोकलो नाही, माशी गेली तोंडात."

बोटभर हललं की एक रेघ कमी व्हायची. एवढा नेमका माल पाटकऱ्यानं आयुष्यात हाताळला नव्हता. शेवटी तीन रेघांवर दांडा दोऱ्यांनी जखडला आणि सून चार तास सलग बसली. पाटकरी अंगणात अशा ऐटीत फिरला की गायीलाही वाटलं असेल, याचं काहीतरी झालंय.

गुरुवारी अकरा वाजता गावातले सगळे मोबाइल जागे झाले आणि नेट तुटलं. दोनदा.

सून माळ्यावरून उतरली. डोळे लाल झाले होते, पण ती हसली. "असू दे, मामंजी. पुष्कळ केलंत तुम्ही. मी बॅग काढून ठेवते, धूळ बसलीय तिच्यावर."

त्या बॅगेवरची धूळ झटकण्याचा आवाज पाटकऱ्याला ऐकवेना. तो उठून रेडिओवाल्याकडे गेला.

"ऐकणारा शहाणा झाला," रेडिओवाला म्हणाला, "पण बोलणारा अजून चारी दिशांना बडबडतोय. तुमच्याकडचं घमेलं गिरणीकडं तोंड करून बसलंय, पण गिरणीची काठी तुमच्याकडं तोंड करत नाही. दोघांनी समोरासमोर तोंडं केल्याशिवाय लांबचं बोलणं होत नाही. तिच्या मागं एक आडोसा लावायला हवा. एक तासापुरता."

"म्हणजे गिरणीवाल्याला विचारायचं."

"विचारायचं. आणि माझ्या मार्फत नाही हां. माझा घसा बसलाय."

शुक्रवारी सकाळी पाटकरी परत गिरणीवर गेला. बायको दळणाचं निमित्त करून मागोमाग आली. आत रेडिओवाला धरून चार-पाच माणसं होती. पाटकऱ्यानं सहा वर्षांनी गिरणीवाल्याकडं थेट बघितलं. म्हातारा झाला होता तोही.

"एक तास," पाटकरी म्हणाला. "उद्या अकरा ते बारा. तेवढा तास सगळं नेट माझ्या घराकडं वळव. सुनेच्या कामाचा प्रश्न आहे. नाहीतर ती जाते."

गिरणीवाल्यानं पट्टा काढला. गिरणी घरघरत थांबली. "वळवतो," तो म्हणाला. "पण या चार लोकांत म्हण. तीन मिनिटं खाल्ली म्हणून."

सगळे पाटकऱ्याकडं बघू लागले. गिरणीवाला सोडला तर चाळीस वर्षांत त्याच्या घड्याळावर कुणी आळ घेतला नव्हता. भावाची पाळी त्यानं मिनिटावर मोडली होती, स्वतःच्या लग्नाच्या दिवशी दारं धरून मग मांडवात गेला होता. त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं, हे एवढंच होतं. त्यानं मनगट मागं लपवलं.

"खाल्ली," तो म्हणाला. "चुकलो मी."

खुद्द गिरणीवाल्याचं तोंड उघडं राहिलं. त्याला इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं.

आणि तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "ते नाही चुकले. घड्याळ मी पुढं केलं होतं."

"काय?" पाटकरी.

"तुम्ही रोज जेवायला उशिरा यायचा. भाकरी गार व्हायची. त्या दिवशी अंघोळीला गेलात, घड्याळ खुंटीला होतं. केलं तीन मिनिटं पुढं. जास्त केलं असतं तर कळलं असतं तुम्हाला."

"सहा वर्षं?"

"जेवायला वेळेवर येता की आता."

पाटकऱ्यानं मनगट डोळ्यांशी धरलं. "म्हणजे सहा वर्षं सगळ्या गावाचं पाणी..."

रेडिओवाल्याचा घसा एकदम सुटला. "थांब, थांब. घड्याळ पुढं असलं तर पाळी तीन मिनिटं आधी लागली आणि तीन मिनिटं आधी संपली. ज्याला त्याला पुरतंच मिळालं. नुकसान एकाचंच. ज्याच्या पाळीत काटा फिरला त्याचं." त्यानं गिरणीवाल्याकडं बोट केलं. "तुझी चालू होती तेव्हा हा अंघोळीला गेला होता."

गिरणीवाल्याच्या चेहऱ्यावर पिठाखालून आनंद फुटला. "म्हणजे अख्ख्या गावात माझ्या एकट्याचीच! मी म्हणत होतो की नाही? सहा वर्षं म्हणत होतो!" त्यानं पाटकऱ्याचा हात धरून हलवला, इतका की दोघांवर पीठ उडालं.

"आत्ता मागं करतो काटा," पाटकरी म्हणाला.

"हात लावशील तर बघ! आत्ता पाट कोरडा. आत्ता मागं केलास तर ती तीन मिनिटं गेली कुणाकडं? वाऱ्यावर. पाट सुटू दे. माझी पाळी लागू दे. माझ्या बांधावर उभा राहून, माझ्यासमोर मागं करायचं."

हे इतकं न्यायाचं होतं की पाटकऱ्यानं हात मागं घेतला. घड्याळ तसंच राहिलं.

गावानंही कुरकुर केली नाही. तास-तास नेट एकाकडं वळवायचं म्हटल्यावर कुणी उखडलं असतं, पण 'अकरा ते बारा पाटकऱ्याच्या घरची पाळी' असं म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलवल्या. पाळी गावाला कळते. फक्त दोघातिघांनी विचारून ठेवलं, मग आमची कधी?

गिरणीवाल्यानं पत्र्याचं एक जुनं पिंप उभं चिरलं आणि त्यातलं अर्धं काठीच्या मागं बांधलं, पोकळ बाजू पाटकऱ्याच्या घराकडं. शुक्रवारी संध्याकाळी सुनेच्या यंत्रावर पाच रेघा आल्या. पाच! रेघा तेवढ्याच असतात.

शनिवारी साडेदहाला वारा सुटला. साधा नाही, उन्हाळ्यातला, धुळीचे भोवरे उठवणारा. माळ्यावरचं घमेलं दोऱ्यांसकट डुलायला लागलं. पाच रेघा, दोन रेघा, चार रेघा. पाटकऱ्यानं शिडी लावली, वर गेला आणि दांडा दोन्ही हातांनी धरून खिडकीशी घट्ट उभा राहिला. सहा शेतं पलीकडं गिरणीच्या छपरावर त्याला एक पांढरी आकृती दिसली. गिरणीवाल्याच्या पिंपाची दोरी तुटली होती. त्यानं ते अर्धं पिंप मिठी मारून धरलं होतं. शनिवार हा दळणाचा दिवस, पण गिरणी बंद होती.

अकरा वाजले. आत सून लिहिलेलं बाईंना वाचून दाखवू लागली, शांत, नेमकं. खाली गोठ्यात बायको गायीच्या गळ्यात हात टाकून बसली होती आणि ती हंबरेल असं वाटलं की तोंडात पेंढी द्यायची. गायीला तो तास फार आवडला.

वर मात्र दोन म्हातारे एकमेकांकडं तोंड करून उभे. सहा वर्षं रस्त्यात दुसरा दिसला तर मान फिरवणारी ही माणसं, आता मान हलवायची चोरी. घाम पाटकऱ्याच्या डोळ्यांत गेला, पुसता येईना. जळक्या मिशीला खाज सुटली, खाजवता येईना. पत्रा तापला, दांड्यावरची बोटं आधी दुखली, मग बधिर झाली. समोर गिरणीवाल्याच्या भुवयांतलं पीठ घामानं मळलं गेलं असेल, एवढ्याच विचारानं त्याला थोडा दिलासा मिळाला.

भोवरा आला की दोघं एकदमच पाय रोवायचे. एकदा पिंप हललं आणि आत सून थबकली. पिंप परत जागेवर आलं. सून पुढं वाचू लागली.

शेवटी मनगटावर बाराचा काटा जुळला. पाटकऱ्याचे खांदे तुटायला आले होते. पाळी संपली की दारं बुजवायचं, चाळीस वर्षांची सवय. त्यानं दांड्यावरचा एक हात काढला, घमेलं झुकायला लागलं.

"तीन मिनिटं!"

गिरणी बंद असल्यानं ती आरोळी सगळ्या गावावरून आली. "अरे, तीन मिनिटं राहिली अजून! धर!"

पाटकऱ्यानं झडप घालून दांडा धरला. कान गरम झाले. आत यंत्रातून बाईंचा आवाज येत होता, "...काम छान आहे. एवढंच शेवटचं सांगा. तुम्हाला शहरात यायचंय, की तिथूनच कराल? आम्हाला दोन्ही चालेल."

दोन्ही चालेल. म्हणजे ती जाऊही शकत होती. पाटकऱ्यानं घमेलं गिरणीकडं घट्ट रोखून धरलं; त्याच्या हातून आता फक्त तेवढंच होण्यासारखं होतं.

"इथूनच," सून म्हणाली. "माझं घर आहे इथं."

तो आवाज घमेल्यातून निघाला, सहा शेतं ओलांडून पिंपात शिरला आणि शहरात पोचला, न तुटता. पाटकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घाम आधीपासून होताच, म्हणून ते कुणाला कळलं नाही.

सून कानातली बोंडं काढून खिडकीशी आली. "मामंजी, झालं. सोडा आता."

त्याला सोडता येईना. बोटं दांड्याभोवती आखडली होती. तिनं ती एकेक करून उलगडली. "आणि मिशी कापून घ्या दुसऱ्या बाजूची," ती म्हणाली. "एकाच बाजूनं बरं नाही दिसत."

"झालं रे!" पाटकऱ्यानं गिरणीकडं ओरडून सांगितलं. पलीकडं पांढऱ्या आकृतीनं पिंप खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

पाटकऱ्यानं मनगटाकडं पाहिलं. या घड्याळानं आत्ता घर बुडवलं असतं. लाजेनं त्याची बोटं आपोआप किल्लीकडं गेली.

"ए!" पलीकडून आरोळी आली. "घड्याळाला हात लावू नकोस! पाट सुटू दे आधी!"

"नाही लावत!" पाटकरी ओरडला, आणि त्यानं बाही खाली ओढून घड्याळ झाकलं.